मामाजींची लेडीज सायकल

आमच्या घरी नवी वस्तू आली की ती आधी मामाजींपासून लपवावी लागे. मामाजी म्हणजे माझे सासरे. ते वस्तू मोडतील किंवा हरवतील अशी भीती कुणालाच नव्हती. ते ती उघडतील, ही भीती होती. माझ्या लग्नात माहेराहून मिक्सर आला होता. लग्नाच्या चौथ्या दिवशी, अंगावरची हळद अजून पुरती उतरली नव्हती, मी सकाळी चहा घेऊन व्हरांड्यात गेले तर मिक्सर वर्तमानपत्रावर उलटा पडलेला आणि मामाजी दातांत पेचकस धरून त्याच्या पोटात पाहत बसलेले. मी जागच्या जागी थबकले. त्यांनी पेचकस तोंडातून काढला आणि म्हणाले, "घाबरू नोको बाई. बिघडला नाही. पाहून रायलो फक्त. घरात आला तं ओळख नोको का करून घ्याले?"

दुपारी मिक्सर होता तसा जोडलेला ओट्यावर परत आला. मी तो लावून पाहिला. चालला. आवाज पहिल्यापेक्षा कमी झाला होता. माहेरी फोन करून हे सांगितलं तर आई म्हणाली, "तुझे सासरे करतात तरी काय?"

ते तीसेक वर्षं गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये फिटर होते आणि गोंदियाला लागून असलेलं आमचं अख्खं कुडवा गाव त्यांना मिस्त्री म्हणे. मिलमध्ये राहून त्यांचे कान वेगळेच झाले होते. माणसाचं बोलणं त्यांना दोनदा सांगावं लागे, यंत्राचं मात्र भिंतीपलीकडून ऐकू येई. जेवता जेवता घास हातात तसाच ठेवून, मान तिरकी करून ते सांगत, "गुरुजीच्या पंख्याचं बेरिंग जाऊन रायलं." समोरच्या घरात राहणारे बिसेन गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, हे ऐकून आठवडाभर हसले. आठव्या दिवशी पंखा बंद पडला. नंतरही गुरुजींचं हसणं काही थांबलं नाही, पण पंखा उतरवायला त्यांनी मिस्त्रींनाच हाक मारली.

असा हा माणूस विजेला मात्र जाम भ्यायचा. बल्ब बदलायचा तर आधी मेन स्विच बंद, मग पायात चपला, मग लाकडी पाट, आणि एवढं करूनही बल्बला हात लावताना डोळे मिटलेले. "लोखंड बिघडलं तं तोंडावर सांगते," ते म्हणत. "ढिलं होते, वाजते, गरम होते. करंट काही सांगत नाही ना. सरळ मारते." मग बल्ब आत्याबाई लावत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. चणीने एवढ्याशा, बोलायला कमी, हातात कायम लोकरीचं काहीतरी. त्या पाटही घेत नसत.

मामाजींनी आयुष्यभर सायकल चालवली. कुडव्याहून मिल, मिलहून बाजार, बाजारातून घर. निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी त्यांच्या छातीत दुखलं, नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून औषधं दिली आणि जाताना सांगितलं, आता पायडल मारणं बंद. मोटारसायकल त्यांना येत नव्हती, शिकायची इच्छाही नव्हती. ऑटोत बसले तर ऑटोवाल्याला वाटभर इंजिनाबद्दल सांगत, त्यामुळे तोही त्यांना दुसऱ्यांदा बसवायला नाखूश. मग ते घरीच बसले. महिनाभरात घरातली एकही वस्तू उघडायची राहिली नाही. माझं शिलाई मशीन दोनदा उघडलं गेलं. आत्याबाई मला हळूच म्हणाल्या, "बाई, या मानसाले बाहेर काढलं पायजे. नाही तं हा भिंती उकलन."

माझा नवरा तेव्हा नोकरीला नागपूरला असे आणि शनिवारी घरी येई. मी इथेच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. दोन हजार नऊ-दहाच्या सुमाराची गोष्ट. गोंदियात तेव्हा बॅटरीच्या सायकली नव्यानेच दिसायला लागल्या होत्या. एका शनिवारी नवरा तशी एक घेऊन आला. मागच्या चाकात मोटर, सीटखाली बॅटरीची पेटी, उजव्या मुठीला पीळ दिला की सायकल आपोआप पुढे. परवाना नको, पेट्रोल नको, पायडल तर मुळीच नको. मामाजींनी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. आम्ही सगळे पेचकस कधी निघतो त्याची वाट पाहत होतो. ते म्हणाले, "हिच्यात करंट हाये ना?" आणि पेचकस न काढताच आत गेले.

चार दिवसांनी ते तिच्यावर बसले आणि मग उतरेनात. भारनियमनाच्या वेळा त्यांना तोंडपाठ झाल्या. लाईन कधी जाणार आणि कधी येणार, त्यावर त्यांचा दिवस ठरे. गोंदियाच्या रस्त्याला ते निघाले की मागून येताना कळत नसत, इतकी ती गाडी मुकी. एक गोष्ट मात्र मी पाहिली होती. मिलच्या फाटकासमोरून जाताना ते उगाच पायडल फिरवत. मोटर चाललेली, आणि हे गंभीर चेहऱ्याने पाय मारताहेत. मी विचारलं तर म्हणाले, "तठी बसून रायतात ना सारे जुने. म्हनतील, मिस्त्री आता फुकटात फिरते." बिसेन गुरुजींच्या दारावरून जाताना मात्र दोन्ही पाय उचलून, दांडीवर ठेवून जात.

दोनेक वर्षं अशी मजेत गेली. मग पोतं आडवं आलं. आमची थोडी शेती चोरखमारा गावाच्या बाजूला आहे. तिथून दरवर्षी नवा तांदूळ येतो. त्या वर्षी चुलतदिरांनी पोतं बसमध्ये टाकून दिलं आणि मामाजी ते उतरवून घ्यायला स्टँडवर गेले. "ऑटो करा," मी सांगितलं होतं. "हो हो," म्हणून ते सायकल घेऊन गेले. पोतं कॅरिअरवर बांधलं, स्वतः बसले आणि कुडव्याच्या वळणावर सायकल मधोमध वाकली. सीटखालचा पाईप चिरला होता. मामाजींना खरचटलंसुद्धा नाही. गुरुजींनी आपल्या गच्चीवरून सगळं पाहिलं होतं. ते खाली येऊन म्हणाले, "मिस्त्री, तांदूळ शाबूत आहे. अभिनंदन."

शफीभाई वेल्डिंगवाल्यांनी पाईप जोडून दिला. महिन्याने तो जोडाच्या बाजूलाच चिरला. पुन्हा जोडला. पुन्हा चिरला. तिसऱ्यांदा गेल्यावर शफीभाईंनी डोळ्यांपुढची काच खाली ठेवली. "चाचा, अब मैं नहीं जोडूंगा. पाईप में कुछ बचा नहीं. रास्ते में टूटेगी तो मेरे दिल पे रहेगा." सायकल जिथून घेतली त्या दुकानात नवी फ्रेम मिळते का पाहायला गेलो तर तिथे मोबाईल विकायला बसले होते. ते मॉडेल आता निघतच नाही, एवढंच त्यांनी सांगितलं.

शनिवारी नवऱ्याने विषय मिटवला. "बाबा, सोडा आता. भंगारात देऊन टाकू. कुठं जायचं असंन तं ऑटोनं जा, नाही तं हिच्या स्कूटीवर जा." हिच्या म्हणजे माझ्या. मामाजींनी दोन दिवस एकही वस्तू उघडली नाही. मी मुद्दाम मिक्सर त्यांच्यासमोर घरघरवला, तरी मान तिरकी झाली नाही. त्यांनी एकदाच, भिंतीकडे पाहत म्हटलं, "मोटर चांगली हाये. बॅटरी चांगली हाये. चाकं चांगली. एका पाईपासाठी सारं फेकून द्याचं? मानसाचंबी असंच कराल का मंग?" आत्याबाईंच्या सुया थांबल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामाजी नाहीसे झाले आणि दहाच्या उन्हात खांद्यावर एक फ्रेम घेऊन चालत परत आले. शफीभाईंच्या दुकानाबाहेर जुन्या सायकलींचा ढीग असे, त्यातून निवडलेली. जुन्या घडणीचं जाड लोखंड, कुठे गंज नाही, कुठे जोड नाही. फक्त एवढंच की ती लेडीज सायकलची फ्रेम होती. पुढची दांडी आडवी न जाता खाली झुकलेली, रंग कधीकाळी गुलाबी.

गुरुजी फाटकाशीच उभे होते. "मिस्त्री, ही तर बायकांची."

"लोखंडाले काय समजते गुरुजी, वर कोन बसलं?" मामाजींनी फ्रेम व्हरांड्यात ठेवली आणि चोरून खांदा चोळला.

मे महिना होता, शाळेला सुट्टी होती, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. ऊन चढायच्या आत काम, मग जेवण, झोप, आणि उन्हं उतरल्यावर पुन्हा काम. सायकल उलटी करून त्यांनी एकेक भाग काढायला घेतला. काढलेला प्रत्येक नट, वायसर, पिन वेगळ्या भांड्यात. भांडी म्हणजे आमच्या वाट्या. पहिल्या दिवशी चार गेल्या, दुसऱ्या दिवशी अकरा. ब्रेकचे स्क्रू कुठल्या वाटीत, चेनकव्हरचे कुठल्या, हे त्यांना पाठ होतं आणि हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती. आठवडाभर आम्ही वरण पेल्यातून प्यालो. शनिवारी नवरा आला, ताटात पेला पाहून माझ्याकडे बघितलं, मग व्हरांड्याकडे बघितलं आणि निमूट जेवला.

लोखंडाची कामं त्यांनी अशी केली की बघत राहावं. मोटरचं चाक रुंद आणि जुन्या फ्रेमचा चाक धरणारा मागचा चिमटा अरुंद. दुसऱ्या कुणी पहार घालून फाकवला असता. मामाजींनी एक लांब बोल्ट आडवा घातला, दोन्ही बाजूंना आतून नट लावले आणि सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं असं फिरवत चिमटा रुंद केला. "घाई केली तं ते मागं येते," ते मला म्हणाले. "त्याले समजू द्या लागते, आपल्याले आता असं रायचं हाये म्हनून." मग कानस घेतली. मोटरचा एक्सल, म्हणजे मधला दांडा, दोन बाजूंनी चपटा असतो, तो चिमट्याच्या गोल खाचेत नीट बसत नाही आणि गाडी चालू केली की स्वतःच फिरून तारा तोडतो. त्यासाठी खाच हाताने घासायची. चारदा घासायचं, मोजायचं, पुन्हा चारदा घासायचं. दोन सकाळी त्यात गेल्या. शेवटी एक्सल खाचेत असा बसला की मामाजींनी तो काढून पुन्हा बसवला, नुसता आवाज ऐकायला.

आणि मग तारांपाशी येऊन ते थांबले.

सायकलला एक डबी असते, कंट्रोलर म्हणतात तिला. मोटर, मूठ, ब्रेक, बॅटरी, सगळ्यांच्या तारा तिच्यात जातात. आमची डबी एकदा बिघडून बदललेली होती आणि बदलणाऱ्याने निळ्या तारेला हिरवी, हिरवीला पिवळी जोडून वर काळी पट्टी गुंडाळली होती. म्हणजे रंगावर भरवसा ठेवायची सोय नव्हती. मामाजी त्या गुंत्यासमोर पक्कड घेऊन बसले. चपला घातल्या. पाट घेतला. बॅटरी केव्हाच काढून बाजूला ठेवली होती, हे मी सांगितलं. "ठाऊक हाये," ते म्हणाले आणि पक्कड पुढे नेऊन परत मागे घेतली.

आत्याबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "थांबा. तोडू नोका." आत जाऊन त्या लोकरीची टोपली घेऊन आल्या आणि जमिनीवर मांडी घालून त्या गुंत्यासमोर बसल्या. एक जोड हातात घ्यायचा, दोन्ही तारांना एकाच रंगाच्या लोकरीचा तुकडा बांधायचा, मगच जोड सोडवायचा. लाल-लाल. जांभळी-जांभळी. मामाजी आधी बाजूला उभे राहिले, मग पाट टाकून खाली बसले आणि तुकडे कापून देऊ लागले. तासाभरात डबी मोकळी झाली आणि तिला रंगीत गोंडे लागले.

"स्वेटर झालं हे," मामाजी म्हणाले.

"तुमाले पायजे ना गाडी? मंग पुढचा तुकडा द्या."

बॅटऱ्यांवरून मोठं भांडण झालं. तीन जड बॅटऱ्या, आणि नव्या फ्रेमला सीटखाली जागाच नाही. झुकलेल्या दांडीच्या वर जी मोकळी जागा असते, तिथे पत्र्याची पेटी बसवायची असं मामाजींनी ठरवलं. आत्याबाई नाही म्हणाल्या.

"काऊन नाही?"

"मंग पाय कोठून टाकाचा?"

"मी मागून टांग टाकतो ना."

"तुमी टाकसान. दुसऱ्याले बसाचं असन तं?"

"दुसरं कोन बसून रायलं हिच्यावर?"

आत्याबाईंनी जुन्या ताडपत्रीच्या दोन पिशव्या शिवल्या, कॅरिअरच्या दोन बाजूंना बांधल्या, एकेक बॅटरी त्यात घातली आणि तिसरीसाठी हँडलपुढची टोपली दाखवली. मोकळी जागा मोकळीच राहिली. मामाजी म्हणाले, "हट्टी हाये." पण पिशव्यांची शिवण ओढून पाहिली आणि टोपली आवळायला घेतली.

दहाव्या दिवशी सगळं जोडून झालं. जेवणाआधी वाट्या मोकळ्या झाल्या, मोजून पाहिल्या, पुऱ्या भरल्या. सायकल स्टँडवर उभी केली, मागचं चाक जमिनीपासून उंच. गुरुजी आपली खुर्ची घेऊन आमच्याच अंगणात येऊन बसले होते. मामाजींनी सगळ्यांना मागे सरकवलं, चाबी फिरवली, डोळे मिटले आणि मुठीला पीळ दिला. चाक फिरलं. सुरेख, बिनआवाज फिरलं. मी टाळ्या वाजवल्या. मामाजींनी डोळे उघडले, चाकाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे तं उलटं फिरून रायलं."

खरंच. चाक मागच्या मागे फिरत होतं. गुरुजी खुर्चीत इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "मिस्त्री, घरी परत यायला उत्तम! जाताना फक्त ढकलत न्या."

मामाजींनी मोटर उलटी बसली का पाहिलं. ती बरोबर होती. आत्याबाई डबीपाशी बसल्या आणि गोंडे तपासू लागल्या. मग एक तुकडा त्यांनी पदराने पुसला, दुसरा पुसला. एक पांढरा होता, एक मोतिया. ग्रीसच्या हातांनी दोन्ही सारखेच काळे झाले होते आणि त्यांची अदलाबदल झाली होती. मोटरच्या जाड तारांत एकदा आणि बारीक तारांत एकदा. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "पांढरी लोकर घ्याले नोको होती." त्यांनी स्वतःच तारा बदलल्या. मामाजी पाटावर उभे. पुन्हा पीळ. चाक सरळ फिरलं.

मामाजींनी गुरुजींकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. आत्याबाईंकडे पाहून म्हणाले, "चहा कर," आणि लगेच, "राहू दे, मी ठेवतो." लग्न होऊन आल्यापासून त्यांना चहा ठेवताना मी पहिल्यांदा पाहिलं. पत्ती फार पडली होती.

त्या गुलाबी सायकलवर मामाजी शहरभर फिरले. पोरं ओरडत, "आजोबा, आजीची गाडी कुठं नेऊन रायले?" ते हात वर करत. मिलसमोर पायडल फिरवणं आता बंद झालं. तिथे उलट थांबत आणि मागचा चिमटा, घासलेली खाच, सगळं दाखवत. फक्त तारांबद्दल कुणी विचारलं की म्हणत, "ते खातं घरच्याईकडे हाये."

पावसाळा संपता संपता आत्याबाईंच्या कोपराला खरचटलेलं दिसलं. भिंतीला घासला, म्हणाल्या. आठवड्याने घोटा. मी शाळेतून लवकर सुटले होते त्या दिवशी आमच्या मागच्या, प्लॉट पाडून रिकाम्या पडलेल्या लेआउटमधून शॉर्टकट घेतला आणि स्कूटी थांबवली. पदर कमरेला खोचून, दोन्ही मुठी घट्ट धरून, ओठ दाबून माझ्या सासूबाई सायकलवर येत होत्या. मला पाहून ब्रेक लागला नाही, त्या पुढे निघून गेल्या आणि वळून परत आल्या. वय अठ्ठावन्न. धापा टाकत म्हणाल्या, "याहीले सांगू नोको वो."

मी सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. दोन दिवसांनी जेवताना मामाजींनी घास थांबवला. मान तिरकी नव्हती या वेळी.

"सीट दोन बोटं खाली आली."

"मी उतरवली," आत्याबाई म्हणाल्या.

"कायनं?"

"चौदा नंबरच्या पान्यानं."

मी भाताकडे पाहत राहिले. मामाजींनी खूप वेळ चावलं. "घट्ट केली का नीट?" त्यांनी विचारलं. "केली," त्या म्हणाल्या. बस, एवढंच. पण ते रुसले, आणि चांगले रुसले. "माझी गाडी" असं दिवसातून तीनदा कुणाला तरी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत. आत्याबाई सकाळी फेरी मारून आल्या की मामाजी सीट वर करत. संध्याकाळी त्या खाली करत. चार दिवस दोघांनी एकमेकांशी सीटवरूनच संवाद केला. पाचव्या दिवशी मी कपडे वाळत घालताना पाहिलं, तर सीटच्या दांड्यावर कानशीने दोन बारीक रेघा घासलेल्या होत्या. वरची मामाजींची, खालची आत्याबाईंची. खालच्या रेघेत मामाजींनी थोडा लाल रंग भरला होता, आत्याबाईंना चष्म्याशिवाय दिसावी म्हणून.

त्यानंतर आत्याबाई सुटल्या. बहिणीकडे, भजनाला, बँकेत, भाजीला. चाळीस वर्षं ज्यांना कुठेही जायचं तर कुणी नेणारं लागे, त्या आता दुपारी "जाऊन येतो" म्हणून निघत आणि कुठे ते सांगतही नसत. मामाजी व्हरांड्यात बसून वाट पाहत. गुरुजी विचारत, "मिस्त्री, गाडी कुठं आहे?" ते म्हणत, "ड्यूटीवर गेली." आणि कोपऱ्यावर सायकल वळली की आम्हाला दिसायच्या आत सांगत, "आली. मागचा ब्रेक घासून रायला, आज पाहा लागते."

पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांचा दम कमी झाला. मिलचा कोंडा छातीत बसला होता, तो म्हातारपणी बाहेर निघाला. मुठीला पीळ द्यायचा तरी तोल सांभाळावा लागतो, तेवढाही होईना. एके दिवशी आत्याबाईंनी कॅरिअरवर उशी बांधली. "बसा," म्हणाल्या. मामाजी चिडले. "लोक काय म्हनतील?" "काय म्हनतील? मिस्त्री फुकटात फिरते." ते बसले. वाळून अगदी हलके झाले होते, आणि त्या तर होत्याच एवढ्याशा; मोटरने दोघांना बिनतक्रार ओढलं. पायजम्यातले पाय दोन्हीकडे लोंबकळत, एक हात बायकोच्या खांद्यावर, असे ते गुरुजींच्या दारावरून गेले. गुरुजी त्या दिवशी फाटक उघडून रस्त्यावर आले आणि दोघं वळेपर्यंत पाहत उभे राहिले.

हिवाळ्यात नागपूरच्या डॉक्टरांनी भरती व्हायला सांगितलं. नवरा तिकडे सगळी तयारी करून बसला होता, मला मामाजींना सकाळच्या गाडीने घेऊन जायचं होतं. मी ऑटो बोलावला. मामाजींनी तो परत पाठवला. "स्टेशनवर गाडीनं जातो," म्हणाले. गाडीने म्हणजे सायकलने. डॉक्टरांची भीती दाखवली, थंडी दाखवली, उपयोग झाला नाही. शेवटी बॅग घेऊन मी स्कूटीवर पुढे, आणि मागे मफलर गुंडाळलेले मामाजी कॅरिअरवर, आत्याबाई पुढे हँडल धरून. आरशात ती दोघं मला दिसत होती. मामाजी काहीतरी बोलत होते आणि आत्याबाई मान हलवत होत्या. काय ते ऐकू येत नव्हतं.

स्टेशनबाहेर ते उतरले, सायकलचा आधार घेऊन थोडा वेळ उभे राहिले. श्वास जागेवर आल्यावर खाली वाकले आणि अंगठ्याने मागचा टायर दाबून पाहिला. आत्याबाईंना घरी थांबायचं होतं; घर, परसातल्या जनावराचं दूध, सगळं होतं. मी म्हणाले, चला, गाडी लागली. तेव्हा ते त्यांच्याकडे वळले. मला वाटलं आता काही सांगतील, आणि मी मुद्दाम दोन पावलं पुढे गेले. तरी ऐकू आलंच. "मागच्या चाकात हवा कमी हाये. जाता जाता भरून घेजो." आत्याबाई म्हणाल्या, "बरं."

चौथ्या दिवशी नागपूरला मामाजी गेले.

तेरवीपर्यंत घरी बायकांची रीघ होती. प्रत्येकीचा तोच प्रश्न, जाताना काही बोलले का जी? आत्याबाई प्रत्येकीला तेच सांगत. "बोलले ना. मागच्या चाकात हवा कमी हाये म्हनले. जाता जाता भरून घेजो." बायका पुढचं ऐकायला थांबत. पुढचं काही नव्हतं. मग आत्याबाई पदराने डोळे पुसत आणि म्हणत, "भरली मी. स्टेशनाच्या बाहेरच भरली."